फ्लॉपीचा कान

विद्यार्थ्याला काय येतं हे जाणून घेण्याचा सर्वांत जुना, बिनखर्ची आणि खात्रीचा उपाय म्हणजे त्याला विचारणं. शिक्षणशास्त्राची खरी भरभराट झाली ती हा उपाय बाद केल्यापासून. विचारलं की पोरगं उत्तर देतं, उत्तर दिलं की प्रश्न संपतो, आणि प्रश्न संपला की त्यावर नेमलेल्या समितीनं काय करायचं हा मोठाच पेच उभा राहतो. तेव्हा विद्यार्थ्याला न विचारता, त्याच्या ज्ञानाला कुठंही धक्का न लावता, ते बाहेरून कसं मोजावं यावर पुण्यात पुष्कळ विचार झाला आणि १९९४ च्या जूनमध्ये त्या विचाराचं पार्सल मेंढीमाळच्या शाळेत येऊन पडलं.

मेंढीमाळ हे गाव अंथुर्णे आणि भवानीनगर यांच्या मधल्या माळावर आहे. (नकाशात दिसत नाही, तो दोष नकाशाचा.) गावातली बहुतेक घरं पूर्वी मेंढरं राखणारी. कालव्याचं पाणी आलं, माळाचा मळा झाला, मेंढरांच्या जागी ऊस उभा राहिला. कळप गेले, पण कळपांच्या खुणा काही गेल्या नाहीत. हरेक घराची खूण ठरलेली होती. कुणाची मेंढराच्या उजव्या कानाला एक चीर, कुणाच्या डाव्याला दोन, कुणाचं नुसतं भोक. दहा कळप एका पाणवठ्यावर मिसळले तरी कान बघून आपलं मेंढरू वेगळं काढता येई. ज्याची खूण त्याचं जनावर, त्याचंच चारापाणी आणि त्याचीच राखण, हा कायदा कोर्टाची पायरी न चढता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

या गावच्या शाळेत सातवीचे वर्गशिक्षक होते बिरू मास्तर. ते याच गावचे, याच माळावर वडिलांच्या मेंढरांमागं हिंडून शिकलेले. माणूस सरळ. परिपत्रक आलं की आधी डोळ्यांना लावत आणि मग वाचत. आपल्याला नियम मोडता येत नाही हे ते स्वतःच कौतुकानं सांगायचे, आणि ऐकणाराही "व्हय, मास्तरांना न्हाय जमायचं ते" असं म्हणून त्यांच्या कौतुकात भर घालायचा.

नव्या प्रकल्पाचं नाव 'संगणकीय संचिका व आत्मचिंतनाधारित सर्वंकष मूल्यमापन' असं होतं. नाव उच्चारून होईपर्यंत पहिला तास संपायचा, म्हणून गावानं त्याचं नुसतं 'चिंतन' केलं. वार्षिक परीक्षा बंद झाली. तिच्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची एक फ्लॉपी राहणार होती. ही फ्लॉपी काळी, चौकोनी, उडदाच्या पापडापेक्षा जराशी जाड. तिच्यात पोरानं वर्षभर केलेल्या कामाचे नमुने आणि त्या कामावरचं त्याचं आत्मचिंतन साठवायचं. गुणांची विभागणी अशी: आत्मचिंतनाला साठ, कामाच्या नमुन्यांना तीस, फ्लॉपीच्या स्वच्छतेला व टापटिपीला दहा. विषयाच्या ज्ञानाला (परिपत्रक दोनदा वाचलं, तो मुद्दा राहून गेलेला दिसतो).

संगणक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसाच्या पाचटावर बसवून आणला गेला. सुवासिनींनी ओवाळला. मुख्याध्यापक दादासाहेबांनी आपल्या खोलीतलं कपाट व्हरांड्यात काढून त्याला जागा दिली, पडदे शिवले, चपला बाहेर काढण्याचा नियम केला. दर गुरुवारी त्याच्याभोवती ऊद फिरवला जाई. भारनियमनामुळं वीज सकाळी दोन तास आणि दुपारी शाळा सुटल्यावर, तेव्हा सगळं चिंतन सात ते नऊमध्येच उरकावं लागे. ज्याला दहा वाजता काही सुचेल त्यानं ते दुसऱ्या दिवसापर्यंत दाबून ठेवावं, अशी सूचना फळ्यावर कायमची लिहिलेली होती. मराठी अक्षरं उमटवणारा भाग मंजूर होता पण पोचला नव्हता, म्हणून मराठी चिंतन इंग्रजी अक्षरांत टिपायचं. टिपण्याचं काम बिरू मास्तरांकडं. ते एकाच बोटानं टिपत, आणि पुढं पुढं ते बोट जेवतानाही ताठच राहू लागलं.

मास्तरांचं प्रशिक्षण बारामतीला झालं होतं. पहिल्या दिवशी शिक्षकानं शिकवू नये हे शिकवलं. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यानं शिकण्यापेक्षा आपल्या शिकण्याकडं लांबून पाहावं हे शिकवलं. तिसऱ्या दिवशी श्रीखंड होतं. निरोपाच्या वेळी प्रत्येकानं प्रशिक्षणावर आत्मचिंतन लिहायचं होतं. मास्तरांनी 'बरंच समजलं' असं लिहिलं आणि त्यांना 'क' श्रेणी मिळाली. शेजारच्या बाकावरच्या शिक्षकानं 'मला शिकवता येतं असा माझा समज होता, तो इथं येऊन फिटला' असं लिहिलं आणि 'अ' घेऊन तो एस.टी.त बसला. प्रकल्पाचं वर्म बिरू मास्तरांना तिथं उमगलं.

वर्म असं की, चिंतनात प्रगती दिसली पाहिजे, आणि प्रगती दिसायला आधी अधोगती पाहिजे. ज्याला पहिल्यापासून येतं त्याची प्रगती होणार कुठून? म्हणून हुशार पोरांची या पद्धतीत जरा कुचंबणाच होते. बाकीच्यांना मात्र ती फार मानवली. दादासाहेबांचा पुतण्या शंभूराज सातवीत दुसऱ्यांदा बसलेला. त्यानं लिहिलं, "मला अपूर्णांक येत नव्हते. आता मला कळले आहे की मला अपूर्णांक येत नाहीत. हा बदल माझ्यात याच वर्षी घडला." साठांपैकी सत्तावन्न. (तीन गुण शुद्धलेखनाचे गेले.)

प्रत्येक विषयाची तीन चिंतनं आणि टिपणारं बोट एक, त्यामुळं दिवाळीनंतर शिकवणं थांबवावं लागलं. त्यानं मूल्यमापनात अडथळा येत होता. डिसेंबरअखेर वर्गाची स्थिती पुढीलप्रमाणे होती: आपल्याला काहीच येत नाही याची जाणीव झालेले चौऱ्याहत्तर टक्के, थोडंफार येत होतं, पण चिंतनाअंती तेही येत नाही असं लक्षात आलेले चोवीस टक्के, उरलेले दोन टक्के म्हणजे रोहिणी.

रोहिणी ही कुंडलिक आणि चंद्राबाईची मुलगी. कालव्याच्या फाट्यावर या माळ्याच्या घरचा मळा होता. वांगी, टोमॅटो, बांधाला डाळिंब. सातवीच्या वर्गात बिनमेंढरांचं असं हे एकच घर. पोरगी शनिवारी आईबरोबर बाजारात बसे आणि सोमवारी शाळेत पहिल्या रांगेत. बिरू मास्तरांचा तिच्यावर जीव होता. हे पोर उत्तर देताना ऐकलं की आपली सगळी नोकरी अगदीच मातीत गेली नाही असं त्यांना वाटायचं, आणि असं वाटायला लावणारं दुसरं काही त्या शाळेत उरलेलं नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास कुंडलिक त्यांना बाजारात भेटला आणि म्हणाला, "मास्तर, आदीच सांगतो. पास झाली तर आठवीला अंथुर्ण्याला घालतो, सायकल बी घेतो. नापास झाली तर मळ्यात, आन् दोन वर्सांनी मांडवात. मागनं मला बोल लावू नका."

"नापास कशी होईल ती?" मास्तर म्हणाले.

"ते तुमचं तुमाला. आमाला चिंतनातलं काय कळतंय?"

चंद्राबाईनं मास्तरांच्या पिशवीत चार वांगी जास्त टाकली आणि पदरानं डोळ्यांच्या कडा टिपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मास्तरांनी रोहिणीला संगणकासमोर बसवलं. अपूर्णांकावरचं तिचं चिंतन त्यांनी तोवर जाणूनबुजून मागं ठेवलं होतं. ते तीन शब्दांचं होतं: "मला अपूर्णांक येतात."

"रोहिणे, असं न्हाय लिहायचं."

"का गुर्जी? येत्यात की मला."

"येत्यात गं. पर आदी येत नव्हते, मग लई तरास झाला, मग आले, असं पायजे."

"तरास कुठं झाला? आई पाव, अर्धा, पाऊण करती बाजारात, तितंच आले. तिसरीत हुते मी."

"बरं, येत न्हाय असं कायतरी सांग. एखादं तरी असंल."

रोहिणीनं प्रामाणिकपणे विचार केला. "पवायला येत न्हाय."

"ते अभ्यासक्रमात न्हाय." मास्तरांनी घड्याळ बघितलं. "बरं, अपूर्णांक आले तवा तुला आतनं कसं वाटलं?"

"कायच न्हाय. पोटभर जेवल्यावर वाटतंय तसं."

मास्तरांनी ते वाक्य टिपायला बोट उचललं आणि खाली ठेवलं. जेवणाचा उल्लेख केलेल्या चिंतनाला काय मिळतं हे माहीत नव्हतं, आणि 'बरंच समजलं'ला काय मिळतं हे त्यांना चांगलंच माहीत होतं. तिच्या नावानं आपणच काहीतरी रडगाणं लिहावं असाही विचार त्यांच्या मनात आला. पण चिंतन विद्यार्थ्याचं स्वतःचं असावं हा नियम होता, आणि पोरगी शेजारी बसून अक्षर न्‌ अक्षर वाचत होती. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. या प्रकल्पात काकण नसलं तरी चालण्यासारखं होतं, आरसा मात्र हवाच होता. शेवटी तिचं चिंतन जसंच्या तसं फ्लॉपीत गेलं.

मार्चमध्ये स्मरणपत्र आलं. मूल्यमापन अधिकारी लवकरच येतील, तत्पूर्वी प्रत्येक फ्लॉपीवर ती सहज ओळखू येईल अशी कायमस्वरूपी, न पुसणारी खूण करावी. फ्लॉपीवर पेनाने किंवा पेन्सिलीने लिहू नये, दाब पडतो. फ्लॉपीवर कागद चिकटवू नये, तो यंत्रात अडकतो. मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचून शाळेचा शिपाई तात्याबा याला ऐकवलं. तात्याबाचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, उरलेलं घंटेमागं.

"ल्ह्यायचं न्हाय, चिकटवायचं न्हाय, पुसलं नाय पायजे," तात्याबा म्हणाला. "मंग सोपं हाय की मास्तर. कान हायेत न्हवं तिला?"

"कुठले कान?"

"ह्ये काय, चार कोपरं. मेंढराला दोनच असत्यात."

मास्तरांनी पुष्कळ विचार केला, पण त्यांना यात खोट दिसेना. खूण कायमची होती, पुसणारी नव्हती, आणि पेन लागत नव्हतं. मेंढीमाळात जन्मलेल्या कुठल्याही माणसाला हेच सुचलं असतं. तात्याबानं घरून लोकर कातरायची कातर आणली, दगडावर घासली आणि पडवीत बसून "कुणाची?" एवढंच विचारत एकेक फ्लॉपी हातावेगळी केली. कोकऱ्यांच्या पोराला उजव्या कानाला एक, हाक्यांच्या पोरीला डाव्याला दोन. एका घरची दोन पोरं असली तर धाकट्याला वर एक बारीक चीर. दादासाहेबांचं घराणं एके काळी सर्वांत मोठ्या कळपाचं, त्यामुळं शंभूराजच्या फ्लॉपीला तीन चिरा आणि एक भोक. मेंढराला दुखतं, हिला दुखत नाही, म्हणून तात्याबानं हात जरा सढळच ठेवला.

रोहिणीची फ्लॉपी हातात आल्यावर तो थांबला. "ही माळ्याची. ह्यांच्यात खून न्हाय."

"मग हिला काय करायचं?"

"कोरीच ऱ्हाऊ द्या. कोरी येकच हाय, वळखू येतीया."

साहेब पुण्याहून जीपनं आले. मूल्यमापन अधिकारी कसा असावा याचा ते आदर्श होते. त्यांनी स्वतः कधी शिकवलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांची दृष्टी स्वच्छ होती. नारळ झाला, शाल झाली, आणि वीज जायच्या आत काम उरकावं म्हणून ते आठ वाजताच संगणकापुढं बसले. पालकांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवलं होतं. साहेबांनी पहिली फ्लॉपी घातली, ती शंभूराजची. आत गुऱ्हाळाच्या चरकात खडा अडकल्यासारखा आवाज झाला आणि पडद्यावर इंग्रजीत तीन पर्याय उमटले: सोडून द्या, पुन्हा करा, नापास. साहेबांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. दुसरी घातली, तिसरी घातली. सगळा वर्ग एकसारखा गुरगुरला.

चीर आतल्या तबकडीपर्यंत गेली असावी हे बिरू मास्तरांच्या आत्ता लक्षात येत होतं. पण साहेब अनुभवी होते. त्यांनी नियमांची पुस्तिका काढली आणि कलम चौदा (ब) वाचलं: "तांत्रिक कारणाने संचिका न उघडल्यास विद्यार्थ्याचे नुकसान होऊ नये. अशा वेळी संचिकेच्या बाह्य स्वरूपावरून श्रेणी द्यावी." त्यांनी शंभूराजची फ्लॉपी उजेडात धरली. "या कोपऱ्यांवर हे काय आहे?"

मग दादासाहेब उभे राहिले. त्यांचं घराणं कळप वळवण्यात पहिल्यापासूनच वाकबगार. ते म्हणाले, "साहेब, ते गावपातळीवरचं प्राथमिक मूल्यमापन आहे."

"म्हणजे जितक्या खुणा जास्त..."

"तितकं घर..." दादासाहेब जरा खाकरले. "तितकी श्रेणी वरची."

साहेबांनी वहीत 'विकेंद्रीकरण' हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. त्यानंतर काम झपाट्यानं झालं. तीन चिरा आणि भोक, 'अ अधिक'. दोन चिरा, 'ब'. एक चीर, 'क', उत्तीर्ण. पाऊण तासात एकोणपन्नास पोरांचं वर्षभराचं शिक्षण मोजून झालं, तेही एकाही पोराला न विचारता. व्हरांड्यात पालक माना डोलावत होते. निकाल कुणालाच अनपेक्षित नव्हता. ज्यांचे कळप मोठे होते त्यांची पोरं वर, ज्यांचे लहान त्यांची खाली, आणि यात काही नवीन आहे असं एकालाही वाटलं नाही.

मग शेवटची फ्लॉपी घातली, कोरी. आवाज झाला नाही. पडदा शांतपणे उजळला आणि साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "मला अपूर्णांक येतात. मला व्याज काढता येतं. मला नकाशा वाचता येतो. मला इंग्रजीतला अर्ज लिहिता येतो." त्यांनी खाली काही आहे का पाहिलं. "एवढंच? संघर्ष कुठं आहे? जाणीव कुठं आहे? बिरू मास्तर, या मुलीच्या प्रगतीला वावच दिसत नाही."

"साहेब, तिला येतं," मास्तर म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

व्हरांड्यातून चंद्राबाई उठली. "सायेब, पोरगी हितंच बसलीया. इचारा की तिलाच. काय बी इचारा."

साहेब समजुतीनं हसले. "बाई, तसं करता येत नाही. विचारल्यानं पुरावा दूषित होतो." त्यांनी पेन उघडून रोहिणीच्या नावापुढं 'अप्र' एवढं लिहिलं, आणि 'गत' लिहिणार तेवढ्यात नऊ वाजले. वीज गेली, पडदा काळा झाला. पडद्यावर पाहिल्याशिवाय नोंद पुरी करायची नाही असा नियम होता, म्हणून साहेबांनी पेनाला टोपण लावलं. दुपारी वीज आल्यावर उरलेलं बघू असं ठरलं आणि सगळी मंडळी दादासाहेबांकडं मटणाला गेली.

कुंडलिकनं टोपी डोक्यावर चढवली. "चल गं," तो पोरीला म्हणाला. "वांगी तोडायची ऱ्हायल्यात."

"दुपारपतुर थांबा, कुंडलिकराव," बिरू मास्तर म्हणाले. "निकाल अजून पुरा लिहून झाला न्हाय."

मास्तर जेवायला गेले नाहीत. चपला बाहेर काढून ते त्या अंधारलेल्या खोलीत एकटेच बसून राहिले. बाहेर सतरंजीवर माय, बाप आणि लेक बसलेले. मास्तरांना राग आला होता, आणि राग येण्याची सवय नसल्यामुळं तो नेमका कुणावर काढावा ते त्यांना कळत नव्हतं. साहेबांवर, दादासाहेबांवर, की वर्षभर एका बोटानं खोटं टिपत बसलेल्या स्वतःवर? सगळ्या वर्गात खरं लिहिलेली एकच फ्लॉपी, आणि उघडली तीही तेवढीच. बाकीच्यांना त्यांच्या बापजाद्यांच्या मेंढरांनी तारलं होतं. हिच्या बापजाद्यांनी वांगी लावली, एवढाच काय तो गुन्हा.

कोनाड्यात तात्याबाची कातर पडलेली होती.

मास्तरांच्या वडिलांची खूण उजव्या कानाला दोन चिरा आणि डाव्याला भोक अशी होती. कळप विकला गेला त्याला बरीच वर्षं लोटली. त्यानंतर ती खूण कुणाच्याच कानावर नव्हती. बिरू मास्तरांनी रोहिणीची फ्लॉपी हातात घेतली, दाराकडं एकदा पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. (खरं तर कायमस्वरूपी खूण करण्याचा नियम त्यांनी उशिरानं का होईना पाळला, असंही म्हणता येईल. मास्तरांनी पुढं तसंच म्हटलं.) कातर जुनी होती तरी चीर सफाईनं गेली. हात लहानपणीचं विसरला नव्हता.

तीन वाजता साहेब तृप्त मुद्रेनं परत आले. फ्लॉपी घातली. गुरगुर. पुन्हा घातली. गुरगुर. साहेबांनी तिला उजेडात धरलं. "सकाळी ही उघडली होती ना?"

दादासाहेबांनी फ्लॉपीच्या कानाकडं पाहिलं, खूण ओळखली, मग मास्तरांकडं पाहिलं. पोटात मटण होतं, आणि गावातल्या गावात कोण कुणाचं मेंढरू उघडं पाडतो?

"साहेब," दादासाहेब म्हणाले, "विद्यार्थ्यांची प्रगती होत असते."

"पण एका दुपारीत?"

"चिंतन केलं तिनं. बसून होती ना, सकाळपासनं."

साहेबांनी व्हरांड्यात डोकावून पाहिलं. रोहिणी खरोखरच गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पुस्तिकेत सांगितलेला संघर्ष अगदी स्पष्ट दिसत होता. त्यांनी 'अप्र' खोडलं आणि 'ब अधिक, उत्तीर्ण' असं लिहिलं. त्यांनाही हायसं वाटलं असावं. उघडणाऱ्या फ्लॉपीमुळं अहवालाचा सगळा घाटच बिघडत होता.

निकालानंतर फ्लॉप्या पालकांना दाखवण्यात आल्या. चंद्राबाईनं आपल्या पोरीची फ्लॉपी उलटसुलट केली आणि ती भडकली. "माझ्या लेकीला कान कापून खून? आमी काय मेंढरं हाय, मास्तर?"

"नव्हती म्हणून केली, वैनी," मास्तर म्हणाले. "खून असलेल्याला कुनी कायबी इचारत न्हाय."

तात्याबानं फ्लॉपी हातात घेऊन खूण पाहिली आणि सगळ्यांच्या देखत कायदा सांगितला. "खून मास्तरांची हाय. म्हंजी आता राखन बी मास्तरांची. त्यास्नी इचारल्याबिगर ह्या पोरीला कुठं हलवायची न्हाय." लोक हसले, कुंडलिकही हसला. पण मेंढीमाळात या कायद्यावर हसता येतं, तो मोडता येत नाही. दोन वर्षांनी लोणी देवकरच्या कारखान्यातल्या एका मुलाचं स्थळ चालून आलं, तेव्हा कुंडलिक आधी बिरू मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला. मास्तरांनी नाही म्हटलं. सायकल अंथुर्ण्याला जातच राहिली.

निकालाच्या दिवशी रोहिणीनं मात्र एकच गोष्ट विचारली. "गुर्जी, मी लिवलेलं आत ऱ्हायलंय का काय?"

"कायच न्हाय ऱ्हायलं."

"मग मी पास कशी झाले?"

"म्हणूनच," मास्तर म्हणाले, आणि खाली बघून चपला शोधू लागले.

प्रकल्प अर्थातच यशस्वी ठरला. अहवालात 'मेंढीमाळ नमुना' म्हणून त्याला स्वतंत्र प्रकरण मिळालं. त्यातल्या शिफारशी थोडक्यात अशा: चिंतन साठवण्याची गरज नाही, खूण पुरेशी आहे, प्रत्येक शाळेस एक कातर पुरवावी, ज्या घरांना खूण नाही त्यांनी नजीकच्या प्रतिष्ठित घराशी संपर्क साधावा.

हे वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी पोटभर हसून घ्यावं. मग आपल्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत समोरच्या साहेबांनी प्रमाणपत्रांची पिशवी न उघडता, "आडनाव काय म्हणालात? गाव कुठलं? मग अमक्यांचे तुम्ही कोण?" असं विचारलं होतं, ते आठवावं. आणि आरशासमोर न जाता नुसता कानाच्या कडेवरून हात फिरवावा. चीर लागली तर तुमचं मूल्यमापन रीतसर झालेलं आहे, काळजीचं कारण नाही. ती तुमच्या घराण्याची नसेल, तर कुठल्यातरी दुपारी, वीज गेलेली असताना, कुणीतरी उपाशीपोटी तुमच्यासाठी कातर हातात घेतली होती. त्या माणसाचं नाव तुम्हाला आठवत नसेल, तर त्यावर शंभर शब्दांत आत्मचिंतन करा. गुण साठ.